जुन्या गाडीच्या नव्या कमानी

जुन्यास सोनें म्हणणारा एक पक्ष आणि जुन्यास अडगळ म्हणणारा दुसरा पक्ष, असे दोन पक्ष आपल्या समाजांत फार दिवसांपासून नांदत आहेत. धर्म, रूढि, भाषा, शिक्षण यांपैकीं कोणताहि विषय निघो, हे दोन्ही पक्ष आपापलीं ठरलेलीं शस्त्रें घेऊन रणांगणांत उतरतात. आणि पुष्कळ धुरळा उडाल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचा जय होऊन सभा बरखास्त होते. परंतु या वादांत एक प्राथमिक प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं. जुनी वस्तु जतन करावयाची म्हणजे तिच्यांतील नक्की काय जतन करावयाचें? तिचें द्रव्य, तिचें रूप, कीं तिचें कार्य? या प्रश्नाचा निर्णय झाल्याखेरीज जतन करणाराला आपण काय राखीत आहों हें कळत नाहीं, व टाकून देणारालाहि आपण काय टाकीत आहों याचा पत्ता नसतो.

धर्म किंवा रूढि यांचें उदाहरण घेतलें तर वाचकांच्या भावना मध्यें येतात आणि विचार बाजूला राहतो. म्हणून आम्ही मुद्दामच असें उदाहरण घेतों कीं, ज्याच्याविषयीं कोणाहि सुज्ञ वाचकाचा रागलोभ नसावा. तें उदाहरण म्हणजे एका जुन्या अमेरिकन पिक-अप मोटारीच्या मागल्या, झिजलेल्या कमानी बदलण्याचें. विषय क्षुद्र आहे हें आम्ही जाणून आहों. पण तागडी पारखून घ्यावयाची तर तींत हिरेच घातले पाहिजेत असें नाहीं, मूठभर तांदूळ घातले तरी भागतें.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९५३ सालीं, म्हणजे तिच्या स्थापनेस पन्नास वर्षें झालीं त्या सालीं, ‘एफ-१००’ नांवाची पिक-अप मोटार बाजारांत आणली. पुढें माणसें बसण्याची बंदिस्त खोली, मागें उघडा हौदा, आणि अर्ध्या टनाच्या वर्गांतली गाडी अशी तिची ओळख. शेतकरी, सुतार, नळ दुरुस्त करणारा, किरकोळ दुकानदार अशा लोकांची ती गाडी होती. हौसेची नव्हे, कामाची. आज सत्तर वर्षें उलटून गेल्यावर तीच हौसेची झाली असून तिला जिवापाड जपणारे लोक त्या देशांत पुष्कळ आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी मिशिगन संस्थानांत अभियंता आहे. त्यानेंहि अशी एक गाडी घेतली. तिची मागली बाजू खालीं बसली होती, म्हणून त्यानें दोन्ही मागल्या कमानी काढून नव्या घातल्या. त्यावर ‘आतां ही गाडी अस्सल राहिली नाहीं’ असा अभिप्राय त्याच्या एका शेजाऱ्यानें दिला. विद्यार्थ्यानें पत्रांत कामाची सर्व हकीकत लिहून शेवटीं विचारलें आहे कीं, ‘सर, शेजाऱ्याचें म्हणणें खरें काय?’ त्याचें उत्तर जाहीर रीतीनें द्यावें असें आम्हांस वाटलें. कारण शेजाऱ्याची शंका मोटारीपुरतीच नाहीं.

प्रथम ही कमान म्हणजे काय तें पाहूं. आमच्याकडील ट्रकवाले ज्यांस पाटे म्हणतात, अशा पोलादाच्या लांब, बांकदार पट्ट्यांची ती एक चवड असते. सर्वांत लांब पाटा वर, त्याखालीं त्याहून आंखूड, त्याखालीं आणखी आंखूड, अशी रचना. लांब पाट्याचीं दोन्ही टोंकें वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. सामान्यतः पुढचा डोळा सांगाड्याला पक्का अडकवितात आणि मागचा डोळा ‘शॅकल’ नांवाच्या झुलत्या दुव्याला. ओझें पडलें कीं कमान सरळ होऊं लागते, तिचीं टोंकें लांब जातात, आणि शॅकल झुलून त्या वाढीला जागा देतो. मध्यभागीं सर्व पाटे एका सेंटर बोल्टनें एकत्र धरलेले असून यू-बोल्ट त्यांस आंसाशीं जखडून ठेवतात. ताण जितका, तितकी वांकण, हा नियम इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं उघड सांगितला. त्याआधीं दोन वर्षें तो त्यानें अक्षरांच्या कोड्यांत लपवून ठेवला होता. घोड्याच्या गाडीला लंबवर्तुळाकार कमानी बसविण्याचें पेटंट ओबडाया इलियट या इंग्रज कारागिरानें १८०४ सालीं घेतलें, आणि मोटारीनें पाट्यांच्या कमानीचा हा वारसा पुढें घोडागाडीकडूनच उचलला.

कमान ही केवळ गादी आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. कमान ओझें पेलते. खड्ड्याचा धक्का स्वतः सोसून तो सांगाड्यापर्यंत पोंचूं देत नाहीं. तिचे पाटे एकमेकांवर घांसतात व त्या घर्षणानें हिसका लवकर शमतो. आणि या जातीच्या गाडींत मागला आंस पुढें-मागें सरकूं न देण्याचें कामहि तीच करते. इंजिनाचा सारा रेटा चाकांपासून गाडीला मिळतो तो या कमानींच्या पुढच्या डोळ्यांतून. असा डोळा मोडला तर एका बाजूचा आंस आपली जागा सोडतो आणि गाडी भलतीकडेच धांव घेते. म्हणूनच कांहीं कमानींत दुसऱ्या पाट्याचें टोंक पहिल्याच्या डोळ्याभोंवतीं वळविलेलें असतें, म्हणजे पहिला दगावला तर दुसऱ्यानें धरून ठेवावें.

लवणें आणि लवून पुन्हां पूर्वस्थितीला येणें हा या वस्तूचा धर्म होय. पण तो धर्म पाळण्यालाहि मर्यादा आहे. ८ मे १८४२ रोजीं पॅरिस-व्हर्साय या लोहमार्गावर एका इंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला. त्यांत द्यूमाँ द्यूर्व्हील हा प्रसिद्ध दर्यावर्दी संशोधक बायकोमुलासह प्राणांस मुकला. मजबूत लोखंडाचा आंस असा अवचित कां मोडावा, या प्रश्नानें त्या काळच्या अभियंत्यांची झोंप उडविली. स्कॉटलंडच्या रँकिननें त्याचा विचार केला, आणि जर्मनींत वोलर यानें वर्षानुवर्षें प्रयोग करून असें दाखविलें कीं, जें ओझें धातु एकदां सहज पेलतो, त्याहून बरेंच कमी ओझें लाखों वेळां पडलें तरी तो मोडूं शकतो. शास्त्रज्ञांनीं या प्रकाराला ‘थकवा’ हेंच नांव दिलें. अमेरिकेच्या उत्तरेकडील संस्थानांत या थकव्याला आणखी एक साथीदार मिळतो. हिवाळ्यांत रस्त्यांवरचें बर्फ वितळविण्यासाठीं तेथें मीठ टाकतात. तें पाण्याबरोबर पाट्यांच्या फटींत शिरतें, गंज चढतो, पाटे सरकण्याऐवजीं एकमेकांस चिकटतात, आणि गंजानें पडलेल्या बारीक खळग्यापासून पुढें तडा सुरू होतो. बाहेरून पाहणाराला मात्र कमान थोडी सपाट झाली आहे, एवढेंच दिसतें.

आतां अशा कमानीचें करावें काय? पहिला मार्ग कांहींच न करण्याचा. हा शेजाऱ्याचा मार्ग. दुसरा मार्ग असा कीं, लांब शॅकल घालून गाडीची मागली बाजू उंच करावी. यानें गाडी दिसते ठीक. पण कमान होती तशीच थकलेली राहते, आणि आंसाचा कोन मात्र बदलतो. तिसरा मार्ग म्हणजे थकलेल्या चवडींत एक जादा पाटा सारणें, किंवा जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हां बांक देणें. या उपायानें कांहीं दिवस निभतें. परंतु पोलाद रीतसर तापवून, विझवून त्याला पुन्हां पाणी दिल्याखेरीज तो बांक फार काळ टिकत नाहीं, आणि आधींच पडलेले तडे तर कशानेंहि भरून येत नाहींत. चौथा मार्ग नव्या कमानी घालण्याचा. या चार मार्गांत संसाराचें सारें शहाणपण आणि सारी लबाडी सांठविलेली आहे असें आम्हांस वाटतें. मोडकळीस आलेल्या संस्था, जीर्ण रूढि, थकलेलीं घराणीं यांच्या बाबतींत आपण बहुधा दुसरा मार्ग स्वीकारतों. शॅकल लांब करतों आणि गाडी उंच दिसली कीं जीर्णोद्धार झाला असें जाहीर करतों.

पण शेजाऱ्याचा आक्षेप अद्याप शिल्लक आहे. त्याच्या बाजूनें मोठमोठे साक्षीदार उभे करतां येतात. प्लूटार्कनें लिहिलेल्या थीसियसच्या चरित्रांत अशी कथा आहे कीं, अथेन्सच्या लोकांनीं त्या वीराचें जहाज जतन केलें; फळी कुजली कीं ती काढून ते नवी बसवीत; आणि तें जहाज तेंच राहिलें कीं निराळें झालें, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. सतराव्या शतकांत हॉब्सनें या वादाला आणखी एक पीळ दिला: काढलेल्या सर्व जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरें जहाज बांधलें, तर दोहोंपैकीं थीसियसचें जहाज कोणतें? आपल्याकडे ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथांत भदन्त नागसेन मिलिंद राजाला याच जातीचा प्रश्न रथाविषयीं विचारतो. रथ चाकांत नाहीं, आंसांत नाहीं, दांडींत नाहीं. आणि या सर्वांना सोडूनहि नाहीं. ‘रथ’ हें भागांच्या आधारानें चालणारें व्यवहाराचें नांव आहे, असा त्याचा निष्कर्ष.

या चर्चेचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि ती ज्या प्रश्नाचें उत्तर देते तो प्रश्न आमच्यापुढें नाहीं. ‘वस्तु तीच आहे काय?’ हा सत्तेचा प्रश्न झाला. ‘केलें तें योग्य काय?’ हा कर्तव्याचा प्रश्न आहे. आणि शेजाऱ्यानें नकळत पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या गळ्यांत बांधलें आहे. थकलेल्या कमानींची गाडी द्रव्यदृष्ट्या अगदीं अस्सल असेल. पण ती सार्वजनिक रस्त्यावरून जाते, आणि त्या रस्त्यानें शाळेंतून घरीं निघालेलें एखादें मूलहि जात असतें. गाडी अस्सल आहे कीं नाहीं याच्याशीं त्या मुलाला कर्तव्य नाहीं; गाडी आपली रांग सोडणार नाहीं एवढ्याशींच त्याचा संबंध. ज्या निष्ठेची किंमत दुसऱ्यानें भरावयाची, तिला निष्ठा म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

यावर रस्किनचा एखादा अनुयायी उठून म्हणेल कीं, ‘हा उपयुक्ततेचा जुलूम झाला!’ रस्किननें १८४९ सालच्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत, जीर्ण इमारतीचा तथाकथित उद्धार हा तिचा संपूर्ण नाशच होय, असें मोठ्या आवेशानें प्रतिपादिलें. ज्या हातांनीं तो दगड घडविला ते हात परत येत नाहींत. नव्या हातांनीं त्याची नक्कल करणें म्हणजे असत्य बोलणें, असा त्याचा आशय. या आक्षेपांत एक मोठें सत्य आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. मंदिराच्या खांबावरील झिजलेली मूर्ति काढून तशीच नवी बसविली तर कांहीं तरी कायमचें गेलें, कारण त्या मूर्तींत शिल्पकारानें आपल्याला कांहीं सांगितलें होतें. पण कमानीचा पाटा आपल्याला कांहीं सांगण्यासाठीं केलेला नाहीं. तो आपल्यासाठीं सोसण्याकरितां केलेला आहे. त्याला सोसवेनासें झाल्यावरहि तेथेंच ठेवणें हा त्याचा सन्मान नव्हे. ज्यांना जुन्या पाट्यांविषयीं आदर असेल त्यांनीं ते खुशाल कोठारांत जपून ठेवावेत. मात्र रस्किनच्या आक्षेपांतील सत्याचा भाग व्यवहारांतहि पाळला पाहिजे. नव्या कमानी गंजक्या रंगानें रंगवून जुन्या म्हणून कोणाला दाखवूं नयेत, आणि गाडी विकतांना काय बदललें तें घेणाराला स्पष्ट सांगावें. बदल हा अपराध नव्हे. बदल लपविणें हा अपराध.

दुसऱ्या टोंकाचा आक्षेप याहून अवघड आहे. कार्य हेंच जर सर्वस्व, तर कमानीच कां बदलाव्या? सबंध गाडीच मोडींत घालून नवी कां घेऊं नये? नवी गाडी अधिक ओझें नेईल आणि अधिक सुरक्षित असेल. याचें उत्तर असें कीं, आम्ही नुसतें कार्य म्हणत नाहीं. विशिष्ट रूपानें चाललेलें कार्य म्हणतों. न पाहणारा डोळा हा नांवाचाच डोळा, असें ॲरिस्टॉटल सांगतो. संग्रहालयांत ठोकळ्यांवर ठेवलेल्या गाडींत द्रव्य आहे, रूप आहे, पण चलन नाहीं. नव्या गाडींत चलन आहे, पण १९५३ सालच्या माणसांनीं ओझें वाहण्याचा प्रश्न ज्या रीतीनें सोडविला ती रीति नाहीं. ती रीति चालत असतांनाच कळते. म्हणून दुरुस्त होऊन रस्त्यावर येणारी जुनी गाडी असें कांहीं जतन करते, जें संग्रहालयहि करीत नाहीं आणि बाजारहि करीत नाहीं.

मग कोणते भाग बदलावे आणि कोणते बदलूं नयेत? येथें गाडी स्वतःच आपल्याला उत्तर देते. तिच्या सांगाड्याचे लांब-आडवे दांडे एकमेकांस रिव्हेटांनीं कायमचे जोडलेले आहेत. कमानी मात्र बोल्ट-नटांनीं अडकविल्या आहेत. ज्यानें ती बनविली त्यानेंच आपल्या कृतींत लिहून ठेवलें आहे कीं, हें राहावें म्हणून केलें आणि हें झिजावें म्हणून केलें. बोल्ट ही निर्मात्याची आगाऊ दिलेली परवानगी आहे. आमच्या मतें प्रत्येक जुन्या संस्थेकडे, प्रत्येक जुन्या आचाराकडे याच दृष्टीनें पाहावें. तिच्यांत रिव्हेट कोणते आणि बोल्ट कोणते? सनातनी मनुष्य प्रत्येक बोल्टला रिव्हेट समजतो, आणि उतावळा सुधारक प्रत्येक रिव्हेटवर पाना चालवूं पाहतो. दोघांनींहि गाडीच्या खालीं वांकून कधीं पाहिलेलें नसतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रांतील कामाचे तीन नियम आम्हांस फार मननीय वाटले. पहिला नियम: कमानी नेहमीं जोडीनें बदलाव्या. डावी एकटीच मोडली म्हणून एकटीच नवी घातली तर नवी ताठ उभी राहते, जुनी लवलेलीच असते, आणि गाडी एका बाजूस कलते. एकाच ओझ्याखालीं एकत्र राबलेल्यांपैकीं एकालाच विश्रांति देणें हें न्यायासारखें दिसलें तरी तोल बिघडवितें. दुसरा नियम: जुने यू-बोल्ट पुन्हां वापरूं नयेत. एकदां पुरेपूर आंवळून ताणले गेलेलें पोलाद दिसावयास धड असतें, परंतु पूर्वीची पकड त्याच्यांत राहिलेली असेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. आणि नवे घातले तरी शेंदोनशें मैल चालल्यावर ते एकदां पुन्हां आंवळून पाहावे लागतात, कारण पाटे आपापल्या जागीं नीट बसावयास तेवढा अवधि लागतो. तिसरा नियम सर्वांत सूक्ष्म आहे. डोळ्यांत रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर अधांतरीं असतांना शेवटचे आंवळूं नयेत. चाकें जमिनीला टेकवावीं, गाडीचें वजन कमानींवर येऊं द्यावें, आणि मग आंवळावे. अधांतरीं आंवळले तर ओझें येतांच रबराला कायमचा पीळ बसतो व तें लवकर फाटतें. ओझें कोणाच्याहि खांद्यावर नसतांना खोलींत बसून केलेले नियम लोकांच्या जीवनाला असाच पीळ देतात. ज्यांना नियम करावयाचे आहेत त्यांनीं प्रथम गाडी जमिनीवर उतरवावी.

येथवर आल्यावर एका धोक्याची सूचना दिल्याशिवाय आम्हांस थांबतां येत नाहीं. दृष्टांत हा चांगला नोकर पण वाईट धनी होय. झिजलेला भाग काढून नवा घालणें योग्य, हा नियम वस्तूंना लागू आहे, माणसांना नाहीं. कारखान्यांत, कचेरींत आणि कित्येकदां कुटुंबांतहि माणसाकडे कमानीच्या दृष्टीनें पाहिलें जातें. कमान केवळ साधन आहे. तिच्या झिजण्यानें तिचें स्वतःचें कांहीं जात नाहीं. माणूस, कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें शिकविल्याप्रमाणें, केवळ साधन कधींच नसतो. त्याच्या जागीं दुसरा आणतां येईल. त्याची भरपाई करतां येणार नाहीं.

आणि तरीहि प्रत्येक घरांत एक माणूस कमानीचें काम करीत असतो, हें नाकारतां येत नाहीं. घरांतील रस्त्याचा प्रत्येक खड्डा आपल्या अंगावर घेऊन तो हिसका इतरांपर्यंत पोंचूं न देणारें असें कोणी तरी असतें: बहुधा आई, क्वचित् थोरली बहीण, कोठें तरी लवकर कमावता झालेला मुलगा. प्रवास सुखाचा होत आहे तोंपर्यंत आंत बसलेल्यांना रस्ताच चांगला आहे असें वाटतें. कमान आहे याची आठवण होते ती गाडी एका बाजूला कलल्यावर. त्या वेळीं आपण काय करतों? पहिला मार्ग, कांहींच न करण्याचा. ‘तिला संवयच आहे’ असें म्हणून तिच्या सोसण्यालाच अस्सलपणा समजण्याचा. दुसरा मार्ग, शॅकल लांब करण्याचा. सणाला नवें लुगडें घेऊन देण्याचा, चारचौघांत तिच्या त्यागाची स्तुति करण्याचा. ओझें मात्र तेंच, आणि तेंहि तिच्यावरच. वोलरचा शोध येथें मनांत धरण्यासारखा आहे. एका मोठ्या आपत्तीनें माणूस मोडत नाहीं. जी एक वेळ हंसत पेलली असती अशी लहान लहान ओझीं वर्षानुवर्षें, विश्रांतीवांचून पडत राहिलीं कीं तो मोडतो. आणि मोडण्यापूर्वीं त्याचा आवाजहि होईलच असें नाहीं.

गाडीच्या कमानीला आपण नवी कमान देऊं शकतों, आणि तशी ती द्यावी. त्यांत गाडीचा अस्सलपणा जात नाहीं, उलट तिचें असणें सार्थ होतें. माणसाला नवें माणूस हा उपाय नाहीं. त्याला एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे चवडींतल्या इतर पाट्यांनीं आपापला वांटा उचलणें. सर्वांत लांब पाटा एकटाच ओझें वाहील असें कमान बनविणारानें कधींच धरलें नव्हतें. त्याच्या खालीं त्यानें आंखूड पाटे दिले ते शोभेसाठीं नव्हेत.